रिकाम्या चलाचा प्रश्न : कॉल पुनर्निर्देशनाची रचना आणि सातारा-सांगली जिल्ह्यांतील नागरिक – एक चिकित्सा

प्रस्तावना

कॉल सेंटर हा शब्द मराठी वाचकाला आता नवा राहिलेला नाही. वीजपुरवठा खंडित झाला, गॅसची टाकी वेळेवर आली नाही, द्राक्षबागेवर रोग पडला किंवा महामार्गावर अपघात झाला, तरी पहिला आधार एखाद्या क्रमांकाचाच असतो. या सेवेवर आजवर जी टीका झाली, ती प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे. पलीकडचा कर्मचारी नीट बोलत नाही ही एक तक्रार, आणि फार वेळ ताटकळत ठेवले जाते ही दुसरी. या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्या कर्मचाऱ्याच्या आवाजापासून सुरू होतात. त्या आवाजापूर्वीच्या काही सेकंदांत जे घडते, त्याची चिकित्सा क्वचितच होते.

वास्तविक सर्वांत निर्णायक गोष्ट त्याच सेकंदांत घडून जाते. फोन कोठून आला, कोणत्या वेळी आला, फोन करणाऱ्याने कोणती भाषा निवडली, यांसारख्या बाबी यंत्रणा टिपून घेते आणि त्यांवरून हा फोन कोणाकडे वळवायचा ते ठरविते. हे ठरविणे म्हणजेच कॉलचे पुनर्निर्देशन. प्रस्तुत लेखात या रचनेचा विचार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. कोणत्याही एका केंद्राची अंतर्गत मांडणी तपासणे हा लेखाचा हेतू नाही. रचनेमागील तत्त्व आणि या भूप्रदेशातील वास्तव यांचा मेळ कितपत बसतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, अशा रचनेची कसोटी भरलेल्या चलांवर लागत नाही. ती रिकाम्या राहिलेल्या चलावर लागते. आणि या दोन जिल्ह्यांतील माणसाच्या बाबतीत वारंवार रिकामा राहणारा चल म्हणजे ‘ठिकाण’ होय.

संकल्पना : चल आणि पुनर्निर्देशन

शालेय बीजगणितात आपण चल आणि स्थिर असा भेद शिकतो. ज्याची किंमत बदलते तो चल. संगणकाच्या भाषेत ज्याला व्हेरिएबल म्हणतात, तो हाच. कॉल सेंटरच्या दूरध्वनी यंत्रणेत प्रत्येक येणाऱ्या कॉलबरोबर असे अनेक चल जन्माला येतात. फोन करणाऱ्याचा क्रमांक हा एक चल, त्याने फिरविलेला क्रमांक हा दुसरा, दाबलेले बटण हा तिसरा, घड्याळातील वेळ हा चौथा. यंत्रणा उभारणारा अभियंता ‘जर असे, तर तसे’ या स्वरूपाची वाक्ये लिहून ठेवतो. भाषा मराठी असेल तर अमुक रांग, वेळ रात्रीची असेल तर तमुक ध्वनिमुद्रित संदेश, क्रमांक आधी नोंदलेला असेल तर थेट जुन्या तक्रारीकडे, अशी ती वाक्ये असतात.

१९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी तयार केलेली अ‍ॅस्टेरिस्क ही मुक्त आज्ञावली या क्षेत्रात जगभर वापरली जाते. तिच्यातील ‘डायलप्लॅन’ म्हणजे अशा वाक्यांची वहीच होय. ती वाचताना एक बारकावा लक्षात येतो. एखाद्या चलाला किंमतच मिळाली नसेल, तर यंत्रणा त्याच्या जागी काहीच ठेवत नाही. जागा कोरी राहते. अशा कोऱ्या जागेची तुलना थेट करावयास गेल्यास वाक्यच अर्धवट राहते आणि यंत्रणेला अर्थ लागत नाही. म्हणून जाणकार अभियंते चलाला अवतरणचिन्हांत ठेवतात, जेणेकरून तो कोरा असला तरी वाक्य मोडू नये. चुकीचे बटण दाबल्यास काय करावे आणि कोणतेच बटण न दाबल्यास काय करावे, यांसाठीही स्वतंत्र नोंदी कराव्या लागतात. त्या केल्या नाहीत तर कॉल तुटतो. त्या केल्या पण निष्काळजीपणे केल्या, तर कॉल ‘ठरीव’ मार्गाने जातो. हा ठरीव मार्ग कोणासाठी आखलेला असतो, हाच प्रस्तुत चिकित्सेचा गाभा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पुनर्निर्देशन ही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. ट्रंक कॉलच्या काळात ते काम एक्स्चेंजमधील ऑपरेटर करीत असे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा प्रतींचे कॉल असत आणि त्यांनुसार दर व क्रम ठरत असे. ज्यांच्या घरी फोन नव्हता, त्यांच्या लग्नपत्रिकांवर व लेटरहेडवर शेजाऱ्याचा क्रमांक छापून त्यापुढे ‘पी. पी.’ असे लिहिण्याची पद्धत महाराष्ट्राच्या गावोगावी होती. फोन वाण्याच्या दुकानात यायचा आणि दुकानातील पोरगा हाक मारीत वाड्यावर जायचा. हेसुद्धा पुनर्निर्देशनच होते. मात्र त्यातील चल माणसाच्या स्मरणात असत. कोण कोणाचा, कोण सध्या मळ्यात राहावयास गेला आहे, कोणाचे चिरंजीव मुंबईस आहेत, हे सर्व त्या पोराला ठाऊक असे. चल कोरा राहिला तर तो विचारून भरीत असे.

या मानवी व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. स्वयंचलित एक्स्चेंजचा जनक आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. आपल्याकडे येणारे कॉल ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याचा संशय होता आणि त्यातूनच त्याला यंत्राची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १० मार्च १८९१ रोजी त्याला पेटंट मिळाले. कथेतील तपशील बाजूला ठेवला तरी तिचे मर्म खरे आहे. माणूस पक्षपात करू शकतो आणि यंत्र ओळखदेख पाहत नाही. भारतात सी-डॉट या संस्थेने विकसित केलेले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले आणि पुढील काळात खेड्यातील माणसाला ऑपरेटरच्या मर्जीवाचून बोलता येऊ लागले. ही मुक्तीच होती. प्रश्न एवढाच की, पक्षपाताबरोबर ऑपरेटरची जाणही गेली. तिची जागा कशाने भरली?

‘ठिकाण’ या चलाची झीज

लँडलाइनच्या काळात या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर एसटीडी कोडमध्ये होते. ०२१६२ म्हटले की सातारा, ०२१६४ म्हणजे कराड, ०२१६७ म्हणजे वाई, ०२३७२ म्हणजे पाटण, ०२३३ म्हणजे सांगली-मिरज, ०२३४२ म्हणजे इस्लामपूर, ०२३४४ म्हणजे जत. क्रमांकाच्या पोटातच तालुका दडलेला होता. यंत्रणेने पहिले चार-पाच अंक वाचले की ‘ठिकाण’ हा चल आपोआप भरला जाई.

मोबाइल आल्यावर ही खूण पुसली गेली. मोबाइलच्या क्रमांकावरून फार तर दूरसंचार परिमंडळ कळू शके, आणि महाराष्ट्र परिमंडळ म्हणजे मुंबई वगळता सारे राज्य व गोवा. भामरागडचा माणूस आणि भिलवडीचा माणूस या चलाच्या दृष्टीने एकच. पुढे २०११ मध्ये क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि २०१५ पासून तीच सोय परिमंडळाबाहेरही मिळाली. परिणामी क्रमांकावरून परिमंडळ ओळखणेही भरवशाचे राहिले नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने घेऊन दिलेला फोन खटावच्या वडिलांच्या खिशात असतो, आणि नोंदणीचा पत्ता मात्र पुण्याचा असतो. येथे चल कोरा नाही; तो भरलेला आहे, पण खोटा आहे. कोऱ्या चलापेक्षा असा चल अधिक घातक म्हणावा लागेल, कारण कोरेपण निदान ओळखता येते.

ठिकाणाचे नाव विचारून घेतले तरी अडचण संपत नाही. बोरगाव सातारा तालुक्यात आहे आणि बोरगाव वाळवा तालुक्यातही आहे. दोन्ही परिसर माहीत नसलेल्या कर्मचाऱ्याला तालुका विचारल्यावाचून भेद कळणार नाही. शिवाय नावे व सीमा याही इतिहासात चल राहिल्या आहेत. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा राज्य शासनाने २०२५ मध्ये केली. शासनाच्या यादीत नवे नाव येते, परंतु घाबरलेल्या माणसाच्या तोंडी जिभेवर रुळलेले जुनेच नाव येते. यादीत फक्त नवे नाव ठेवणारी यंत्रणा त्या क्षणी बहिरी ठरते.

महामार्ग, पूर आणि सीमा

या झिजेचा प्रत्यक्ष परिणाम तीन प्रसंगी विशेष जाणवतो. पहिला प्रसंग महामार्गाचा. पुणे-बंगळूर महामार्ग खंबाटकी घाटातून उतरून सातारा, कराड असा येतो आणि वाळवा तालुक्यातून कोल्हापूरकडे जातो. येथे अपघात झाला तर फोन करणारा पुष्कळदा परप्रांतीय ट्रकचालक किंवा परगावचा प्रवासी असतो. राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या १०८ सेवेचे प्रतिसाद केंद्र पुण्यात औंध येथे उभारले गेले. असा लघुक्रमांक फिरविला असता जोडणी फोनच्या मूळ परिमंडळावरून ठरत नाही, ती फोन ज्या मनोऱ्याशी जोडलेला आहे त्यावरून ठरते, ही जमेची बाजू. तरीही मनोरा म्हणजे अपघाताची जागा नव्हे. पेठ नाक्याच्या अलीकडे की पलीकडे, पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला की कोल्हापूरकडे जाणाऱ्या, हे मनोरा सांगू शकत नाही. तेथे किलोमीटरचा दगड, टोलनाका, धाबा अशा खुणांची भाषाच उपयोगी पडते, आणि ती विचारण्याची रीत कर्मचाऱ्यापाशी असावी लागते.

दुसरा प्रसंग आपत्तीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी संकटात सापडलेल्या माणसाचा फोन बंद पडलेला असू शकतो आणि मदत मागणारा त्याचा नातेवाईक मुंबईत किंवा पुण्यात असतो. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईस गेली आहेत; त्यामुळे हे नाते येथे अपवादात्मक नाही, ते नित्याचे आहे. येथे ‘फोन करणाऱ्याचे ठिकाण’ आणि ‘घटनेचे ठिकाण’ हे दोन वेगळे चल आहेत. ज्या रचनेत त्यांच्यासाठी एकच रकाना असेल, ती दादर येथून आलेला फोन दादरचाच समजणार. राज्यात २०२१ पासून कार्यरत झालेल्या ११२ या एकत्रित क्रमांकाच्या बाबतीत कॉल प्रथम नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत जातो आणि तेथून संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे सोपविला जातो. ‘संबंधित जिल्हा’ कोणता, हे ठरविणे म्हणूनच या रचनेतील सर्वांत नाजूक पायरी ठरते.

तिसरा प्रसंग सीमेचा. जत तालुक्याचा पूर्व व दक्षिण भाग कर्नाटकाला लागून आहे. उमदीच्या परिसरात फोन सीमेपलीकडील मनोऱ्याशी जोडला गेला, तर त्या फोनवरून फिरविलेला १०८ महाराष्ट्राच्या केंद्राकडे न जाता शेजारच्या राज्याच्या केंद्राकडे जाऊ शकतो. कर्नाटकातही २००८ पासून रुग्णवाहिकेसाठी हाच क्रमांक आहे. तेथील कर्मचाऱ्याने तो कॉल पुन्हा इकडे वळविण्याची सोय असली तरच रुग्णाला अर्थ. नाही तर ‘तुमच्या राज्यात फोन करा’ एवढेच उत्तर मिळणार, आणि मनोरा तोच असल्याने पुन्हा केलेला फोनही तेथेच जाणार.

भाषा आणि वेळ

याच भागात भाषेचाही प्रश्न उद्भवतो. ‘मराठीसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन’ ही उतरंड आपल्या कानांस सवयीची झाली आहे. जत तालुक्यातील अनेक कुटुंबांची घरातील भाषा कन्नड आहे. मिरजेत दख्खनी उर्दू बोलणारी मोठी वस्ती आहे. व्यवहारात ही मंडळी मराठी उत्तम बोलतात. तथापि प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या सुनेसाठी फोन करणाऱ्या वृद्ध सासूबाई त्या क्षणी कोणत्या भाषेत बोलतील, हे व्यवहारातील मराठीवरून ठरविता येत नाही. पर्यायांत जी भाषा नाही, ती निवडण्याचे बटण नाही, आणि बटण नाही म्हणून चल कोरा. शिवाय बटण दाबण्याची अपेक्षा ही स्वतःच एक अट आहे. ‘पर्याय निवडा’, ‘मुख्य सूचीकडे परत जा’ ही मराठी व्याकरणशुद्ध आहे, पण ती बोलण्यातली नाही.

वेळेचा चल वरकरणी सर्वांत निरुपद्रवी वाटतो. घड्याळ सर्वांना सारखेच. परंतु वेळेची विभागणी कोणाच्या दिनक्रमावरून केली आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरची वेळ सकाळी ६ ते रात्री १० अशी आहे, ही गोष्ट कचेरीच्या वेळेच्या तुलनेत निश्चितच शेतकऱ्याच्या जवळ जाणारी आहे. त्यातील पुनर्निर्देशनही पायऱ्यांचे आहे. प्रथम सल्लागार उत्तर देतो आणि त्यास न सुटणारा प्रश्न वरच्या तज्ज्ञाकडे जातो. याउलट ज्या सेवा आपले रात्रीचे कॉल ध्वनिमुद्रित संदेशाकडे वळवितात, त्यांनी शेतीपंपाला आळीपाळीने रात्री मिळणारी वीज विचारात घेतलेली दिसत नाही. ज्या शिवारात पाणी देण्याचे काम रात्रीच चालते, तेथील अडचणही रात्रीच उद्भवते. तासगाव-पलूस भागातील द्राक्ष बागायतदाराला अवकाळी पावसानंतर डाउनी रोगाची भीती असते, आणि फवारणीचा निर्णय त्याला काही तासांत घ्यावा लागतो. त्याच्या दृष्टीने ‘कार्यालयीन वेळेत संपर्क साधा’ हे उत्तर म्हणजे नकारच होय.

चलांचा वारसा

एकदा योग्य माहिती मिळाली, तरी ती पुढे पोहोचते काय, हा पुढील प्रश्न. अ‍ॅस्टेरिस्कच्या रचनेत एक मार्मिक सोय आहे. एका कॉलमधून दुसरी जोडणी निर्माण होताना पहिल्या जोडणीचे चल आपोआप दुसरीकडे जात नाहीत. चलाच्या नावापूर्वी एक अधोरेखा लिहिली तर तो एक पायरीपर्यंत पुढे जातो. दोन अधोरेखा लिहिल्या तर तो पुढील प्रत्येक पायरीवर सोबत राहतो. अभियंत्याच्या दृष्टीने हे एका चिन्हाचे काम आहे. नागरिकाच्या दृष्टीने मात्र याच चिन्हावर सारे अवलंबून आहे. ते नसेल, तर केंद्रातून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून वाहनाकडे कॉल जाताना प्रत्येक ठिकाणी नाव, गाव आणि घटना नव्याने सांगावी लागते. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे धाडल्या जाणाऱ्या अर्जदाराचा अनुभव आणि हा अनुभव यांत तत्त्वतः फरक नाही. फरक एवढाच की, तेथे निदान कागद सोबत असतो.

एक वेगळी रचना : ग्राम सुरक्षा यंत्रणा

या पार्श्वभूमीवर पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांच्या पुढाकाराने रुजलेल्या व सातारा जिल्ह्यातही स्वीकारल्या गेलेल्या ग्राम सुरक्षा यंत्रणेचा विचार उद्बोधक ठरतो. येथे नोंदणी केलेला ग्रामस्थ एका टोल फ्री क्रमांकावर फोन करून घटना सांगतो आणि त्याच्याच आवाजातील तो संदेश गावातील इतर नोंदणीकृत मोबाइलवर कॉलच्या रूपाने पोहोचतो. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, मूल हरवले, अशा प्रसंगी याचा उपयोग होतो. रचनेच्या दृष्टीने यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. ‘ठिकाण’ हा चल संकटापूर्वीच, शांतपणे, गावाच्या नोंदीतून भरून ठेवलेला आहे. आणि कॉल दूरच्या अनोळखी कर्मचाऱ्याकडे न वळविता शेजाऱ्यांकडे वळविला आहे. पी. पी. क्रमांकाच्या काळातील हाक येथे यंत्राच्या साहाय्याने पुन्हा अवतरली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तथापि याही रचनेची मर्यादा तिच्या बलस्थानातच आहे. ज्याची नोंद आहे, त्याच्यासाठीच ती आहे. दर हंगामात मराठवाड्यातून हजारो ऊसतोड मजूर या दोन जिल्ह्यांत येतात. रेठरे, साखराळे, कुंडल येथील कारखान्यांच्या परिसरात, उसाच्या फडाजवळ कोप्या घालून ते चार-पाच महिने राहतात. त्यांचा क्रमांक गावच्या नोंदीत नसतो. त्यांचा पत्ता बीडचा असतो. आपण कोणत्या गावच्या शिवारात आहोत, हे टोळीतील बाईला नेमके सांगता येईलच असे नाही, कारण फड आठवड्याला बदलतो. एसटीडी कोड नाही, खरा पत्ता नाही, नोंदणी नाही, गावाचे नाव नाही. सर्पदंश झाल्यास तिच्या हातातील फोनला बोलता येते, पण यंत्रणेच्या लेखी ती कोठेच नसते. ज्या रचनेत हा कॉल योग्य जागी पोहोचतो, तीच रचना या जिल्ह्यांसाठी योग्य म्हणावी लागेल.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

येथे एक आक्षेप घेतला जाईल व तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. प्रत्येक कॉलला माणूस देणे परवडणारे नाही, आणि केंद्रीकरणाचे गणिती समर्थन भक्कम आहे. डॅनिश गणिती आ. क. एर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करताना १९०९ ते १९१७ या काळात जी सूत्रे मांडली, त्यांवरच आजही कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांची संख्या ठरविली जाते. त्या सूत्रांनुसार दहा लहान गटांपेक्षा एक मोठा गट तेवढ्याच माणसांत अधिक कॉल कमी प्रतीक्षेत हाताळू शकतो. जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र केंद्रे काढल्यास एकीकडे कर्मचारी रिकामे बसतील आणि दुसरीकडे रांग लागेल. म्हणून पुण्यात किंवा नवी मुंबईत एकच मोठे केंद्र असणे हे केवळ नोकरशाहीच्या सोयीपोटी आलेले नाही.

हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, सूत्र प्रतीक्षा मोजते, समज मोजत नाही. कॉल उचलण्यात वाचलेली सेकंदे ‘बोरगाव कोणते’ हे विचारण्यात खर्ची पडली, तर बचत कागदावरच राहते. शिवाय प्रस्तुत लेखाची मागणी प्रत्येक कॉलला स्थानिक माणूस द्यावा अशी नाही. ज्या कॉलचे चल भरलेले व परस्परांशी जुळणारे आहेत, ते यंत्राने खुशाल वळवावेत. ज्यांचे चल कोरे अथवा विसंगत आहेत, तेवढेच कॉल परिसराची जाण असलेल्या माणसाकडे जावेत. यंत्राने वाचविलेले मनुष्यबळ जेथे यंत्र हतबल आहे तेथे लावणे, यातच काटकसरीचे सार्थक आहे.

काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. ‘अज्ञात’ ही प्रत्येक चलाची एक मान्य किंमत समजावी व तिच्यासाठी स्वतंत्र मार्ग आखावा. अज्ञात ठिकाणाचा कॉल मुकाट्याने ठरीव शहराकडे वळवू नये.

२. फोन करणाऱ्याचे ठिकाण व घटनेचे ठिकाण यांची नोंद वेगवेगळी घ्यावी.

३. स्थळनामांच्या यादीत जुनी व नवी नावे, वाड्या-वस्त्या, मळे, घाट, बंधारे, साखर कारखान्यांचे गट आणि टोलनाके यांचा समावेश असावा. अशी यादी तयार करणे हे या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या भूगोल व मराठी विभागांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने सहज हाती घेता येण्यासारखे काम आहे.

४. सीमाभागातील मनोऱ्यांवरून येणाऱ्या कॉलसाठी दोन्ही राज्यांच्या केंद्रांत परस्पर हस्तांतरणाची सोय आणि कन्नड भाषेचा पर्याय असावा.

५. कॉल एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाताना आधी सांगितलेली माहिती सोबत गेलीच पाहिजे, ही अट निविदेतच नमूद करावी.

६. सार्वजनिक सेवांच्या पुनर्निर्देशनाचे नियम सोप्या मराठीत प्रसिद्ध करावेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपली निर्णयप्रक्रिया व कार्यपद्धती स्वतःहून जाहीर करणे अपेक्षित आहे. कोणाचा फोन कोणाकडे जाईल हे ठरविणे ही निर्णयप्रक्रियाच आहे. ती अभियंत्याच्या वहीत असल्याने तिचे स्वरूप बदलत नाही.

समारोप

कॉल पुनर्निर्देशनाची मांडणी ही तांत्रिक बाब मानून आपण ती तंत्रज्ञांवर सोपविली आहे. वस्तुतः तिच्यातील प्रत्येक चलामागे माणसाविषयीचे एक गृहीतक असते. त्याला एक पत्ता आहे, एक भाषा आहे, तो ठरावीक वेळी जागा असतो, आपण कोठे आहोत हे त्याला ठाऊक असते, अशी ती गृहीतके आहेत. शहरी ग्राहकाच्या बाबतीत ती बहुतांशी खरी ठरतात. कृष्णाकाठच्या पूरग्रस्ताच्या, कोयना खोऱ्यातील म्हाताऱ्याच्या, जतच्या सीमेवरील सासूबाईंच्या आणि उसाच्या फडातील बाईच्या बाबतीत ती एकेक करून गळून पडतात. स्ट्रोजरच्या यंत्राने ऑपरेटरचा पक्षपात दूर केला, हे त्याचे उपकारच आहेत. परंतु जो चल भरत नाही त्याला ठरीव मार्गाला लावणे, हाही पक्षपातच आहे. फरक एवढाच की, तो कोणाच्या मनात नसतो, मांडणीत असतो, आणि म्हणून त्याबद्दल कोणाला जाबही विचारता येत नाही. तो जाब विचारता यावा, यासाठी या मांडणीची चर्चा तंत्रज्ञांच्या खोलीतून बाहेर आणून नागरिकशास्त्राच्या, भूगोलाच्या आणि भाषेच्या अभ्यासकांनी ती आपली मानणे आवश्यक आहे.